आधी रात्री ठरवा: विजयदुर्ग ते वेंगुर्ला, शिडाच्या होडीतून

तयारी, बेळगाव

बेळगावकरांचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला. हिंडलग्यातून बाहेर पडायचं, आंबोली उतरायची, साधारण सव्वाशे किलोमीटरवर पाणी. त्यामुळं आप्पांनी कुणाला न विचारताच बेत ठरवून टाकला होता: होडी वेंगुर्ल्यात घालायची, मालवण, देवगड करत विजयदुर्गापर्यंत वर जायचं आणि तिथून ट्रेलरवर चढवून घरी आणायची. आप्पा माझे चुलतभाऊ. उद्यमबागेत त्यांचं मशीनशॉप आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये प्लायवूड आणि फायबर लावून त्यांनी ही बावीस फुटी होडी स्वतः बांधली. मधली लोखंडी फळी दोरीनं वर ओढून घेता येते, त्यामुळं ती उथळ पाण्यात चालते आणि ट्रेलरवरही बसते. मागं छोटं आउटबोर्ड इंजिन आहे, पण त्याचा विषय काढला की आप्पांचा चेहरा उतरतो.

मी खानापूर तालुक्यात शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा फळ्यावर बाण काढून इतक्यांदा शिकवलाय की आप्पांचा नकाशा बघताच बोलावंसं वाटलं. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत कोकण किनाऱ्यावर दिवसाचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं असतं. पहाटे जमीन गार, समुद्र उबदार, म्हणून वारा जमिनीवरून पाण्याकडं: हा मतलई. साडेनऊ-दहाला तो पडतो. मग तास-दोन तास सगळं थिजल्यासारखं. बाराच्या पुढं खारा सुरू होतो, तो वायव्येकडून, आणि तीन-चारला चांगलाच जोर धरतो. आता वेंगुर्ल्याहून वर निघालो तर रोज दुपारी हा वारा तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडात जात नाही. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं अशी नागमोडी काढावी लागते. नकाशावरचे वीस मैल पाण्यावर सहज तीस होतात, वर लाटा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर.

"मग उलटं करा की," वहिनी शेंगा सोलत म्हणाल्या. "तिकडनं इकडं या."

बेत तिथंच फिरला. होडी निपाणी, राधानगरी, फोंडा घाट असा लांबचा वळसा घालून विजयदुर्गला न्यायची आणि वारा पाठीशी घेऊन खाली वेंगुर्ल्याला यायचं. रस्त्यानं दोनशे किलोमीटरच्या वर जावं लागणार होतं, पण डिझेल जाळून वारा विकत घेतला असं समजायचं.

नंतरचे कित्येक दिवस चर्चा चालली ती रात्रींची. हे मला आधी विचित्र वाटलं होतं. सहल आखताना आपण दिवस आखतो: इथं जाऊ, ते बघू, तिथं जेवू. होडीत उलटं असतं. नांगर टाकून चार माणसं (आप्पा, वहिनी, भाचा आणि मी) निर्धास्त झोपतील अशा जागा आधी शोधायच्या, त्या नकाशावर टिकल्यांसारख्या मांडायच्या, आणि दोन टिकल्यांमधलं अंतर आपल्या होडीला दुपार चढायच्या आत कापता येतं का ते बघायचं. येत नसेल तर मधला दिवसच बाद. आम्ही वहीत प्रत्येक रात्रीला तीन रकाने केले: झोपायची जागा, वारा फिरला तर दुसरी जागा, आणि होडी सोडून घरी जायची वेळ आली तर जवळची एसटी. तिसऱ्या रकान्यावर भाचा हसला, वहिनी हसल्या नाहीत.

अंतरं अशी निघाली. विजयदुर्ग ते देवगड सुमारे ११ समुद्री मैल, देवगड ते मालवण २० च्या आसपास, मालवण ते निवती ८, निवती ते वेंगुर्ला पुन्हा तेवढेच. समुद्री मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, त्यामुळं नकाशाच्या उभ्या कडेवर कर्कटक ठेवून तो सरळ मोजता येतो. आमची होडी तासाला चार मैल धरली. म्हणजे मालवणचा दिवस सोडला तर बाकीचे अर्ध्या दिवसाचे. आप्पांना हे फारच कमी वाटलं. "चार तास चालायचं आणि वीस तास काय करूलाय?" मला मात्र हेच बरोबर वाटत होतं, आणि आजही वाटतं. पहिल्यांदाच अनोळखी खाडीत शिरायचं असेल तर ते उजेडात, आणि हाताशी चार तास उरलेले असताना.

तारीख पंचांगानं ठरवली. किनाऱ्यावर अजूनही भरतीचा हिशेब तिथीवर चालतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, सकाळी आणि संध्याकाळीही. हा ठोकताळा मुंबईकडं जास्त जुळतो. दक्षिणेला यावं तशी भरती थोडी आधी होते, म्हणून छापील तक्त्याशी पडताळून घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं, खाडीच्या तोंडाशी ओढ जबर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतर कमी. आम्ही माघ शुद्ध अष्टमीच्या आगेमागे दिवस धरले. सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होणार, म्हणजे उजाडता उजाडता ओहोटी आम्हाला खाडीतून बाहेर ढकलणार. दुपारी पोचू तेव्हा पाणी सर्वांत खाली असणार, खडक उघडे दिसणार. आणि चुकून तळ टेकलाच तरी पाणी त्यानंतर चढणारं, आपोआप उचलून देणारं. वर अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत. इतके फायदे एका अष्टमीत.

समुद्राचे भारतीय नकाशे छापणारं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय डेहराडूनला आहे. भरती-ओहोटीचे तक्ते काढणारा सर्वेक्षण विभागही डेहराडूनलाच. लाटांचा अंदाज देणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादला. समुद्राचा निम्मा कारभार समुद्र नसलेल्या गावांतून चालतो, मग बेळगावनं काय घोडं मारलंय?

नांगरावर आप्पांनी जीव लावला. मच्छीमार बहुतेक सळ्या वाकवून केलेला चार दातांचा नांगर वापरतात. खडकात तो छान अडकतो. आम्हाला चिखल आणि वाळू बघून झोपायचं होतं, म्हणून दोन रुंद पात्यांचा, जाड पत्र्यातून कापून वेल्डिंग केलेला. त्याला आधी आठ मीटर साखळी आणि पुढं दोर. साखळी नुसती मजबुतीसाठी नसते. तिच्या वजनानं नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो, आणि आडवा ओढला तरच नांगर रुततो. वरच्या बाजूनं ओढला की सुटतो. त्यामुळं दोर सोडायचा तो खोलीच्या किमान पाचपट. ओहोटीला तीन मीटर पाणी असेल, भरतीला दीड-दोन मीटर चढणार असेल, होडीची नाळ पाण्यापासून पाऊण मीटर वर असेल, तर बेरीज पावणेसहा आणि गुणिले पाच म्हणजे तीस मीटरच्या जवळ. नुसते वरवरचे तीन मीटर बघून पंधरा सोडले तर भरतीला आपण झोपेत वाहत असतो. दोर अंधारात हातानं मोजता यावा म्हणून वहिनींनी त्यावर केबल टाय बांधले: पाच मीटरला एक, दहाला दोन, पंधराला तीन. शॅकलची, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन फिरून निघू नये म्हणून तिच्या भोकातून बाइंडिंग वायर ओवून पिळली. या दीड इंच तारेवर सगळं लटकलेलं असतं.

खाण्याचं फार डोकं लावलं नाही. फ्रिज नाही म्हटल्यावर बेळगावी घराला काय अवघड? ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, लसूण तिखट, कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, दोन डबे. प्यायचं पाणी माणशी रोज चार लिटर. लाईफ जॅकेट अंगातच, उशाला नाही. मरीन रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर. आणि जमिनीवर एक माणूस: शॉपमधला ड्रायव्हर रिकामा ट्रेलर घेऊन वेंगुर्ल्याला जाणार, रोज संध्याकाळी सातला त्याला फोन. आठपर्यंत फोन आला नाही आणि आमचाही लागला नाही, तर त्यानं तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवायचं. होडीचे कागद, सगळ्यांची आधारकार्डं, रोजच्या मुक्कामाची यादी बंदर खात्याला आणि सागरी पोलिसांना आधीच दिली. त्यात किती फेऱ्या झाल्या ते आप्पांना विचारू नका.

सप्तमी: बेळगाव ते विजयदुर्ग

पहाटे पाचला निघालो. काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट आणि निपाणीत चहा. तिथून हायवे सोडून मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूरचं जंगल. केए-२२ पासिंगच्या पिकअपमागं डोलकाठी आडवी बांधलेली होडी बघून एका नाक्यावर हवालदारानं थांबवलं.

"बेळगावात समुद्र कधी आला?"

"यायचाय अजून, म्हणून आम्हीच निघालोय," आप्पा म्हणाले. कागद बघितले, हसला, सोडलं.

फोंडा घाट ट्रेलरसकट उतरायला वेळ लागला. तळेऱ्याहून विजयदुर्गाचा रस्ता धरला, एकला पोचलो. भरती साडेचार-पाचच्या आसपास होती, तोवर धक्क्यावर डोलकाठी उभी करून तारा ताणल्या. पाणी चढल्यावर ट्रेलर उतारावरून मागं घेतला आणि होडी तरंगली.

किल्ला वाघोटण खाडीच्या तोंडाशी आहे, आणि त्याच्या आत, पूर्वेच्या अंगाला, वायव्येचा वारा जवळजवळ लागतच नाही. आंग्र्यांचं आरमार इथंच का राहायचं ते पुस्तकापेक्षा इथं नांगर टाकल्यावर जास्त कळतं. बाहेर पांढऱ्या लाटा, आत पाणी शांत. याच पाण्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं.

शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून भाच्यानं खोली मोजली. गोळ्याच्या बुडाला साबण चोपडला होता. वर आला तेव्हा त्याला करडा चिखल. उत्तम. नांगर सोडला, वाऱ्यानं मागं सरकत दोर दिला, वीस मीटरला जरा अडवला, रुतला असं हाताला कळलं, मग तिसापर्यंत सोडला. हाताला कळलं म्हणजे काय, तर दोर आधी बोटाखाली खरखरतो, तळावरून काहीतरी घासत येतंय असं. मग एकदम ताणतो आणि गप्प होतो. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एकामागं एक येणाऱ्या. आम्ही धक्क्यावरचा दिव्याचा खांब आणि मागचा एक माड धरला. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर होडी जागेवर. डोलकाठीवर पांढरा दिवा लावला आणि ड्रायव्हरला फोन केला. दोघं आत झोपले, दोघं बाहेर ताडपत्रीखाली. रात्री बहुतेक सगळेच आलटून पालटून माड बघत होते.

अष्टमी: देवगड

उजाडताना निघालो. ओहोटीनं खाडीबाहेर काढलं, आणि बाहेर पडताच मतलई वारा डाव्या अंगानं, जमिनीवरून. शिडाच्या होडीला आडव्या वाऱ्यासारखं सुख नाही. इंजिन बंद केल्यावर आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन तासांत देवगड. यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि बेत नीट असला की असंच व्हावं.

देवगडचं बंदर नैसर्गिक आणि सगळ्या बाजूंनी आडोशाचं, डोंगरावर किल्ला आणि दीपगृह. इथं रात्र शांत जाणार असं वाटत असतानाच एक तांडेल (होडीवरचा म्होरक्या) पातेरीतून, म्हणजे छोट्या होडीतून, जवळ आला.

"पावण्यांनो, हयसर नांगर नको. रातीक ट्रॉलर येतत. त्या अंगाक जावा."

आम्ही नकाशावर खोली बघितली होती, तळ बघितला होता, आडोसा बघितला होता. मच्छीमारांची वाट नकाशावर नसते. पुन्हा नांगर काढला, त्यानं दाखवलेल्या कोपऱ्यात, ओळीनं बांधलेल्या छोट्या होड्यांच्या पलीकडं टाकला. पहाटे तीनला खरोखरच एकामागून एक ट्रॉलर आले, दिवे झगझगत, आणि नेमके आमच्या आधीच्या जागेवरून गेले. तेव्हापासून कुठंही दोर ओला करायच्या आधी जवळच्या होडीतल्या माणसाला विचारायचं, हा नियम झाला. त्याला कुंदा दिला. पहिल्यांदा त्याला ती माती वाटली, मग डबाच मागून घेतला.

आणि हो, विचारायला संकोच वाटतो पण सगळ्यांना पडतो तो प्रश्न: बावीस फुटी होडीत बायकांचं कसं? झाकणाची बादली, पडदा, आणि मुक्काम शक्यतो धक्क्याजवळ. मुक्कामाच्या वहीत हा चौथा रकाना मी आणि वहिनींनी परस्पर वाढवला होता.

नवमी: मालवण

हा मोठा दिवस. कुणकेश्वरचं देऊळ अगदी वाळूला लागून आहे, समुद्रातून त्याचं शिखर लांबून दिसतं. ते डावीकडं टाकलं तेव्हा साडेआठ वाजले होते. पुढं मिठबाव, आचरं. आचऱ्याची खाडी वहीत 'दुसरी जागा' म्हणून होती, पण तिच्या तोंडाशी वाळू असते आणि ओहोटीला शिरणं धोक्याचं, म्हणून मी ती आधीच खोडून त्याऐवजी सर्जेकोट लिहिलं होतं. दहाला वारा मेला. शीड लोंबायला लागलं, ऊन डोक्यावर, होडी जागच्या जागी डुलायला लागली. इंजिन लावायचं की थांबायचं यावर अर्धा तास वाद. मी थांबायच्या बाजूची होते, कारण वीस मैलांचा दिवस असला तरी हाताशी वेळ होता. साडेअकराला पाण्यावर वायव्येकडून काळसर पट्टा सरकत आला आणि गालाला गार लागलं. फळ्यावर काढलेला बाण अंगावर येतो तेव्हा बरं वाटतं. पाठीमागून वारा, शीड पूर्ण उघडं, दीड तासात सिंधुदुर्ग दिसला.

मालवणचं खरं काम इथून पुढं. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये किल्ल्याचा पाया घातला तो या जागेच्या खडकांकडं बघूनच. भोवतीचं पाणी काही दिसणाऱ्या आणि बऱ्याच न दिसणाऱ्या खडकांनी भरलंय. शत्रूच्या जहाजांना ते नडावेत हाच हेतू होता, आणि साडेतीनशे वर्षांनी बेळगावच्या होडीलाही तेच खडक. आम्ही ठरवल्याप्रमाणं बाहेरच शीड उतरवलं, आधी फोनवर बोलून ठेवलेला स्थानिक मच्छीमार त्याच्या पातेरीतून पुढं झाला, आणि आम्ही त्याच्या मागं मागं इंजिनवर. पाणी अगदी उतरलेलं होतं. जिथं नकाशावर नुसती फुली असते तिथं काळा, शेवाळलेला, कालवांनी भरलेला दगड हातभर वर दिसत होता. भाचा नाळेवर उभा राहून ओरडत होता, "मावशी, डावीकडं बघ! आणि उजवीकडंपण!" मी फोनवर आमच्या वाटेची रेषा नोंदवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती असताना हे सगळे दगड पाण्याखाली असणार होते, आणि बाहेर पडायला तीच रेषा लागणार होती.

नांगर कुठं टाकायचा हे इथं आपल्या सोयीचं नाही. या भागात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहे. प्रवाळावर साखळी फिरली की एका रात्रीत कित्येक वर्षांची वाढ जाते. वाटाड्यानं वाळूचा तुकडा दाखवला, पाणी इतकं स्वच्छ की नांगर वाळूत रुतताना वरून दिसला.

मध्यरात्रीनंतर मी पहाऱ्यावर होते. चंद्र मावळलेला. खारा केव्हाच पडला होता, आणि हळूहळू गावाकडून, माडांतून, मतलई सुरू झाला. होडी फिरायला लागली. संध्याकाळी नाळ समुद्राकडं होती, ती सावकाश गोल फिरून गावाकडं झाली, आणि मागची बाजू, जी संध्याकाळी मोकळ्या पाण्यात होती, ती आता खडकांच्या अंगाला. तीस मीटर दोर म्हणजे नांगराभोवती तीस मीटरचं वर्तुळ, आणि या किनाऱ्यावर ते रोज रात्री अर्धं फिरून होतंच. जागा निवडताना समोरच नाही, पाठीमागंही तेवढंच मोकळं पाणी हवं. शिवाय ओढ उलटी झाली की नांगर एकदा सुटून पुन्हा रुततो. तो रुतेपर्यंतची दोन-तीन मिनिटं लांबच लांब असतात. दोरावर हात ठेवून बसले. खरखर झाली. ताणला. गप्प झाला. आप्पांना उठवायची गरज पडली नाही, तरी ते जागेच होते.

"फिरली?"

"फिरली. धरलाय."

"मग झोप की गं."

दशमी: निवती

भरतीच्या पाण्यावर, कालच्या रेषेवरून बोटभरही न हलता बाहेर पडलो. काल बघितलेले सगळे दगड गायब. तारकर्ली, देवबाग, कर्ली खाडीचं तोंड, भोगव्याची लांबलचक वाळू, सगळं डाव्या हाताला सरकत गेलं. अंतर थोडं, म्हणून बाहेरून वळसा घेऊन निवती रॉकच्या दीपगृहाच्या बाजूनं गेलो. वेंगुर्ला रॉक, बर्न्ट आयलंड अशी नावं नकाशावर आहेत. इथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. स्वतःच्या लाळेची घरटी करणारे हे छोटे पक्षी. घरट्यांना बाहेर देशांत पैसा मिळतो म्हणून चोऱ्या होतात. त्यामुळं उतरायचं नाही, जवळही फार जायचं नाही. लांबून बघितलं: काळ्या कातळाभोवती माश्यांसारखे शेकडो ठिपके, आणि दीपगृहाचा पांढरा खांब.

निवतीला डोंगराच्या आडोशाला नांगर टाकला. किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन टोकांना माणसांच्या रांगा, मधे अर्धवर्तुळात जाळं, आणि ते बाहेर येईपर्यंत तासभर ओढणं. होडी त्या अर्धवर्तुळात येऊ नये म्हणून आम्ही आधीच विचारून घेतलं होतं. जाळं आल्यावर भाचा आणि वहिनी पोहत गेले आणि पिशवीभर बांगडे घेऊन आले. पैसे घेईनात, शेवटी शेंगाची चटणी घेतली. रात्री स्टोव्हवर बांगडा आणि कडक भाकरी. इथं हलकी लाट आत येत होती, होडी रात्रभर एका लयीत इकडून तिकडं. झोपायला ही सगळ्यांत वाईट जागा, आणि माझ्या मते या भागातली सगळ्यांत देखणी. वायव्येचा वारा जोरात असेल तर मात्र इथं थांबू नये. सरळ वेंगुर्ल्याला जावं.

एकादशी: वेंगुर्ला, आणि घर

आठच्या सुमाराला भरती, म्हणजे ट्रेलर उतारावर फार खाली न्यावा लागणार नाही. तेवढं साधायला उजाडायच्या आधीच नांगर काढला. नऊच्या आत वेंगुर्ला. ड्रायव्हर ट्रेलर घेऊन हजर, आदल्या संध्याकाळी आमचा फोन सात वाजून वीस मिनिटांनी गेल्यामुळं जरा रागावलेला. त्याचं बरोबर होतं.

होडी बाहेर काढून नळाच्या पाण्यानं साखळी धुतली, तेव्हा शॅकलभोवतीच्या बाइंडिंग वायरवर गंज चढलेला दिसला. पुढच्या वेळी स्टेनलेसची तार. डोलकाठी उतरवेपर्यंत दुपार झाली. वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात हे मोठं व्यापारी बंदर होतं, आणि रेल्वे येईपर्यंत बेळगावच्या छावणीचा माल याच बंदरात उतरून बैलगाड्यांनी घाट चढायचा. आमचा ट्रेलरही त्याच रस्त्यानं निघाला: सावंतवाडी, दाणोली, आंबोली, नागनवाडी, पाटणे फाटा. शिनोळीत महाराष्ट्र संपला, बाचीत कर्नाटकाचा फलक दिसला.

सुळग्याच्या आसपास आप्पांनी विषय काढला. पुढच्या माघात वेंगुर्ल्याहून आणखी खाली: रेडी, मग तेरेखोल. वारा पाठीशीच राहील. मी म्हटलं, तेरेखोल गोव्यात येतं, म्हणजे बंदर खातंही वेगळं आणि पोलीसही वेगळे.

"म्हणजे फायली तीन," आप्पा म्हणाले.

"रेडीलाच थांबा मग," वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या, आणि वही मागून घेऊन नव्या पानावर चार रकाने आखायला लागल्या.